कुंदाताईंनी शिवलेली पानं

कुंदाताई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच द्यावी लागली, आणि तीही आधी त्यांच्या नवऱ्याला. थंडीतली दुपार होती. फरीदाबादच्या त्यांच्या घराच्या गॅलरीत काका उन्हाला खुर्ची टाकून झोपले होते, तोंडावर वर्तमानपत्र. मी दारात उभं राहून म्हटलं, "काका, उठता का जरा?" तर पेपर बाजूला न करताच ते म्हणाले, "हळू बोल. ती पडलीय आत." मी तशीच उभी राहिले. मग पुढे होऊन त्यांच्या तोंडावरचा पेपर मीच काढला. त्यानंतर डॉक्टर, शेजारी, फोन, सगळं जसं होतं तसंच झालं. पण आतल्या खोलीतून गॅलरीपर्यंत मी जी काही पावलं चालत आले, त्यांच्या आधी आत काय झालं ते फक्त मला ठाऊक आहे, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी हा लेख लिहिताना सगळं घोडं तिथेच येऊन अडलं.

ज्यांना कुंदाताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. काका ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते, म्हणून ही जोडी तरुणपणीच नागपूरहून इकडे आली आणि इथलीच झाली. मूलबाळ नाही. कुंदाताई शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या, आणि मग घरातलं एक लाकडी कपाट त्यांनी लोकांसाठी उघडलं. त्यात फक्त चरित्रं आणि आत्मचरित्रं. दर रविवारी गुरुग्राम, नोएडा, दिल्ली, कुठून कुठून मराठी माणसं यायची आणि एकेक पुस्तक घेऊन जायची. स्वतः निवडायची सोय नव्हती. ताई चेहऱ्याकडे बघायच्या, दोन इकडचे तिकडचे प्रश्न विचारायच्या, आणि कपाटातून एक काढून त्याची पाठ टेबलावर दोनदा आपटायच्या. टप टप. धूळ झटकायला, असं त्या म्हणायच्या, पण धूळ कधीच नसायची. कुणी म्हणालं, "ताई, काहीतरी हलकं द्या ना", की उत्तर ठरलेलं: "हलकं हवं तर पापड घेऊन जा."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा विद्यार्थिनी होते. दिल्लीतल्या मुनिरक्याच्या एका गल्लीत, जिथे खिडकी उघडली की समोरच्यांच्या भिंतीला लागायची, अशा खोलीत राहत होते. पुण्याहून आलेली, घराची आठवण येणारी, आणि कुणी तसं म्हटलेलं न खपणारी. मला वाटलं होतं, बाई एखाद्या थोर पुढाऱ्याचं चरित्र देतील. त्यांनी दिलं एका खेड्यातल्या डॉक्टरीणबाईंचं, ज्यांचं नावही मी ऐकलं नव्हतं. "पहिल्याच खेपेला थोर माणूस नेऊ नये," त्या म्हणाल्या. "तो घरात आला की आपल्याला बसायला जागा उरत नाही. आधी या बाईंना ने. जेवायला घालतात, ओरडतात, बऱ्या आहेत." मी पुस्तक चाळलं, तर शेवटचं प्रकरण उघडेना. पानांच्या कडेनं पांढऱ्या दोऱ्याचा बारीक धावदोरा घातलेला, आणि शेवटी दुहेरी गाठ.

"हे काय?"

"इथवर वाचायचं. पुढे त्या जातात. ते कशाला हवंय तुला?"

मला हसू आलं. म्हटलं, झालं, बाई जरा सटकलेल्या दिसतात. पण नंतर पाहिलं तर कपाटातल्या सगळ्या चरित्रांना टाके होते आणि आत्मचरित्रं मोकळी. याचंही कारण त्यांच्याकडे होतं. "ज्याचं त्यानं लिहिलं की तो शेवटच्या पानावर जिवंतच असतो गं. दुसऱ्यानं लिहिलं की तो मारूनच थांबतो. लेखकांना दमच नसतो."

आता जे सांगणार आहे ते माझ्या ऑफिसात सांगितलं तर लोक मला सुट्टी घ्यायला लावतील. डॉक्टरीणबाईंचं पुस्तक मी वाचायला लागले आणि चारेक दिवसांत मला सारखे हात धुवायची सवय लागली. कोपरापर्यंत, साबण लावून. खोलीत टिंक्चर आयोडीनचा वास यायला लागला. मी तो वास शाळेनंतर कधी घेतला नव्हता. शेजारच्या खोलीत एक पाटण्याची, एकदम व्यवहारी मुलगी राहायची. एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले तर ती जिन्यात उभी. "यार, तेरे यहाँ कौन आया है? कोई बूढ़ी औरत खाँस रही थी. मैंने दरवाज़ा खटखटाया तो चुप हो गई." खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे. रविवारी मी फरीदाबादला धडकले आणि पुस्तक परत टेबलावर ठेवलं. कुंदाताईंनी माझ्या हातांकडे पाहिलं, धुऊन धुऊन कातडी निघालेल्या, आणि एवढंच म्हणाल्या, "आल्या का? तुझ्याकडे लवकर आल्या. काहींकडे महिना लागतो." आणि काकांना हाक मारून चहा टाकायला सांगितला.

त्या हाकेबद्दल सांगायलाच हवं. "अहो" एवढीच असायची, पण शेवटचा स्वर वर जाऊन थांबायचा, दार अर्धवट उघडं ठेवावं तसा. काका कुठेही असले तरी "आलो, आलो" म्हणत यायचे. एकदा मी त्यांना चिडवलं, "काका, एकदा तरी नाही म्हणा की." तर म्हणाले, "अगं, एकदा उशीर झाला होता, तर आठवडाभर वरणात मीठ नव्हतं." ताई आतून ओरडल्या, "ऐकू येतंय मला!"

पुढे मला गुरुग्रामात नोकरी लागली, विसाव्या मजल्यावर घर झालं, तरी रविवार चुकला नाही. अरवलीच्या उजाड टेकड्यांमधून कॅब जायची, धुरक्यात समोरचं काही दिसायचं नाही, आणि मी मनात म्हणायची, बघू आज कोण मिळतंय. गवई मिळाला, तेव्हा माझा नवरा पहाटे विचारायचा, "खर्ज कोण लावतंय?" एका बोटीवरच्या स्वयंपाक्याचं आत्मचरित्र मिळालं, तेव्हा आमच्या घरात सगळे पेले आपोआप भिंतीला चिकटून ठेवलेले असायचे, बोट हलली तर पडू नयेत म्हणून. भीती वाटायची? वाटायची की! पण ताई सांगायच्या, पाहुणा आहे, चहा विचार, पुस्तक परत केलंस की जाईल. आणि खरंच जायचा. ह्याच पुरवणीसाठी एकदा त्यांना कुणी सुचवलं होतं, सामान्य वाचकांनी वाचावीत अशा दहा चरित्रांची यादी द्या. त्या भडकल्या. "यादी कसली करायची, स्थळं आहेत का ती? आणि सामान्य वाचक म्हणजे कोण? मला एक आणून दाखवा, मग त्याला काय द्यायचं ते सांगते."

टाके मात्र कुणी उसवायचे नाहीत. हा नियम एकाने मोडला. समीर नावाचा मुंबईचा मुलगा, माझ्याच कंपनीतला, मीच त्याला तिथे नेला होता. त्याचे वडील नुकतेच गेले होते. ताईंनी त्याला एका दीपगृहावरच्या माणसाचं चरित्र दिलं. पंधरवड्यानं तो मला लिफ्टमध्ये भेटला, चेहरा उतरलेला. "मी दोरा कापला यार," म्हणाला. "बाबांच्या वेळी मी नव्हतो. मला बघायचं होतं, माणूस जातो म्हणजे नेमकं काय होतं. ते वाचलं आणि घर एकदम रिकामं झालं. तोवर रोज संध्याकाळी कुणीतरी बाल्कनीतला दिवा लावायचं... आता लावत नाही." रविवारी आम्ही पुस्तक परत घेऊन गेलो. ताईंनी ते हातात घेतलं मात्र आणि खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. उठल्या, डोक्यावरून आंघोळ करून आल्या आणि गॅलरीत जाऊन बसल्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. काकांनी खिचडी टाकली. मी विचारलं तर काका हळूच म्हणाले, "सुतक आहे तिला." पुस्तक पांढऱ्या फडक्यात बांधून कपाटाच्या तळाशी गेलं. नंतर ते कुणी कुणी वाचलंही, पण त्यांच्याकडे कुणी आलं नाही.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं, कारण त्याशिवाय काकांनी माझ्याकडे जे मागितलं ते कळणार नाही.

तेराव्याला माणसं पांगली, आणि काकांनी ताईंचा शिवणाचा डबा माझ्या हातात दिला. बिस्किटांचा गोल डबा असतो ना, तो. "घेऊन जा. माझ्या हातात सुई राहत नाही." खरंच होतं ते, त्यांचे हात इतके कापतात की कपातला चहा निम्मा बशीत असतो. मी डबा गुरुग्रामला आणला आणि कपाटावर ठेवून दिला. पुढच्या रविवारी सवयीनं परत गेले. काका एकटेच होते, पण घर एकटं नव्हतं. कसं सांगू? मी त्यांच्यासमोर बसले होते, आणि आतल्या खोलीतून आवाज आला. टप टप. मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "आहे अजून. सकाळी चपलाही ऐकू येतात." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच क्षणी इतकं बरं वाटलं की मी तिथेच रडायला लागले.

त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "पुरवणीत लिहिणार आहेस ना तिच्यावर? मग सगळं लिही. तू आत होतीस, मी झोपलो होतो. आयुष्यभर तिच्या एका हाकेला उठलो आणि त्या दिवशी..." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "मला हाक मारली का तिनं?"

मी तोंड उघडलं. त्यांनी घाईघाईनं हात वर केला. "तोंडी नको. तोंडी सांगितलंस की संपलंच. लिहून आण. वाचायचं की नाही ते मी ठरवीन. आणि वाचलं की ती जाईल, हेही माहीत आहे मला. समीरचं बघितलंय मी."

मी लिहिलं. आजवर ऑफिसात हजार अहवाल लिहिले असतील, पण असं कधी लिहिलं नव्हतं. शेवटचं पान वेगळं ठेवलं. त्यात ती दुपार होती, आतली खोली होती, आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तर होतं, हो किंवा नाही, जे असेल ते. रविवारी मी सगळी पानं काकांच्या टेबलावर ठेवली, शेवटचं उलटं करून, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता निघून आले. आठवडाभर फोन केला नाही. केला असता आणि ते म्हणाले असते की घर रिकामं आहे, तर मी काय करणार होते?

परवाच्या रविवारी गेले. काकांनी दार उघडलं आणि टेबलाकडे बोट दाखवलं. पानं तशीच होती. शेवटचं पान मात्र मधोमध घडी घातलेलं, आणि त्याच्या तिन्ही मोकळ्या कडांना पांढरा धावदोरा. बारीक, एकसारखा. शेवटी दुहेरी गाठ.

"काका, हे कुणी..."

"मी? या हातांनी?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. कामवाली गावी गेलेली. डबा माझ्या घरी, विसाव्या मजल्यावर, कपाटावर. मी तो अजून उघडून पाहिलेला नाही, आणि पाहणारही नाही.

कात्री टेबलावरच होती. मी ती काकांपुढे सरकवली. ठरवायचं त्यांनीच होतं. त्यांनी कात्रीला हात लावला नाही. पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं, मग डोळे मिटून अंगठा टाक्यांवरून फिरवत फिरवत गाठीपर्यंत नेला आणि तिथे थांबले. त्यांचा हात कापायचा थांबला होता.

ते पान आता त्या लाकडी कपाटात आहे, चरित्रांच्या रांगेत. संपादकांकडे ते गेलेलं नाही. वाचकांनी माफ करावं, लेख इथवरच आहे.

"म्हणजे हाक मारली होती," काका म्हणाले. "नसती मारली तर माझ्यापासून शिवून ठेवलं कशाला असतं तिनं?"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आतल्या खोलीतून आवाज आला. टप टप. काका खुर्चीचा हात धरून उठले.

"आलो गं, आलो," ते म्हणाले. "या वेळी जागा आहे मी." आणि चपला न घालताच आत गेले.