पाठीवरची चेन

वहिनीचं रोजचं काम म्हणजे शाळेचे गणवेश, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवणं. पण आमच्या कंपनीच्या सिनेमात जे जे दुसऱ्या ग्रहावरून यायचं, ते तिच्याच मशीनखालून निघायचं. ती लांब्याची वहिनी, म्हणून मग आम्हा सगळ्यांचीच वहिनी. लांब्या तिचा धाकटा दीर. कुठल्याही दारातून आत येताना मान वाकवावी लागायची एवढा उंच, आणि राक्षसाच्या पोशाखात घालायला असाच माणूस लागतो. चांगला लाकडाच्या वखारीत कामाला होता. वहिनीनेच त्याला दिग्दर्शकापुढे नेऊन उभं केलं.

मी तिथे आवाजाचं काम बघायचो. आमचं अंतराळयान म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनचं दार आणि त्यामागे फिरणारा पंखा. त्याची घरघर मी मिक्सरमध्ये खडे फिरवून काढायचो. एकच स्फोट आम्ही तीन सिनेमांत उडवला होता, त्यातल्या एकात उलटा करून. खलनायक गोळी झाडण्याआधी आपला सगळा बेत नायकाला सविस्तर समजावून सांगायचा, आणि नायक तेवढ्यात दोऱ्या सोडवून घ्यायचा. गोष्टीला शेंडा ना बुडखा. तरी लोक यायचे, पुन्हा पुन्हा यायचे. मला वाटतं, आमच्याकडे थट्टा कुणीच करत नसे, म्हणून. पुठ्ठ्याचं जग वाचवायला माणसं खरोखरीचा घाम गाळून पळताहेत, हे बघताना उठून जाववत नाही.

लांब्याच्या पहिल्या सिनेमाला वहिनी नवऱ्याबरोबर गेली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. मोजकं बोलणारा माणूस. पडद्यावर हिरवा परग्रहवासी गरजला, शहरावर चालून गेला आणि वळला. पाठीवर मानेपासून कंबरेपर्यंत लखलखीत चेन. सगळं थिएटर हसत सुटलं. वहिनीने बाजूला पाहिलं तर नवराही तोंडावर रुमाल धरून हसत होता.

"तुम्हीसुद्धा?"

"अगं, चेन दिसली की!"

हे तिच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन ती कुणाशी धड बोलली नाही. तो पोशाख तिने जागून, बोटं टोचून घेत शिवला होता, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती चेन.

पुढच्या सिनेमात लांब्या सरड्यांचा राजा होता. वहिनीने फोमचे खवले कापले, रंगवले, एकावर एक बसवले. चेन झाकायला पाठीवर खवल्यांची पट्टी केली. पण लांब्या हलला की पट्टी उघडायची. चित्रीकरण एका रिकाम्या गोदामात होतं. दिग्दर्शक म्हणाला, "राहू द्या हो, लांबून घेऊ. काही दिसत नाही."

"दिसतं," वहिनी म्हणाली. "मागच्या वेळी सगळ्यांना दिसलं."

लांब्याला पोशाखात घालून तिने चेन ओढली आणि वरची पट्टी जाड दुहेरी दोऱ्याने पाठीवरच शिवून टाकली. आतून लांब्याचा दबका आवाज आला, "वहिनी, वरचं जरा सुटं ठेवा. जीव कोंडतो."

"एका शॉटचा तर प्रश्न आहे, भावोजी. थोडी कळ काढा."

शॉट असा होता: नायक गोळ्या झाडतो, सरड्याच्या अंगावर ठिणग्या उडतात, तो एका कुशीवर कोसळून मरतो. ठिणग्या उडाल्या. त्यातली एक उजव्या हातमोज्यात शिरली आणि आतला फोम धुमसायला लागला. लांब्या हात झटकत गोल गोल फिरू लागला. आम्हाला वाटलं, काय रंगात आलाय गडी! दिग्दर्शक ओरडला, "वा! थांबू नको!" पहिल्यांदा कळलं ते वहिनीला, कारण लांब्याचा दुसरा हात पाठीमागे काहीतरी चाचपत होता.

ती कात्री घेऊन धावली. दोरा तिचाच, टाके तिचेच; सुटता सुटेनात. फोमवरून कात्री घसरत होती. कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. शेवटी आम्ही दोघातिघांनी मिळून ती पाठ फाडली आणि लांब्याला बाहेर ओढलं.

जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र पुरती मिटेनात. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच.

सगळ्यांनी सेटवर ठिणग्या उडवायचं काम करणाऱ्याला दोषी धरलं. ठिणगी त्याचीच होती, आणि तोही मान खाली घालून "चूक माझी" म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. वहिनी तिथेच उभी होती. टाक्यांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. घरी सासूने त्या माणसाला शिव्या घातल्या, तेव्हाही ती भाजी चिरत राहिली.

सिनेमा लागला. दिग्दर्शकाने तो शॉट तसाच ठेवला होता. सरडा तडफडायला लागला तसं थिएटर चिडीचूप झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "काय काम केलंय!" वहिनी उठून बाहेर गेली. लांब्या तिच्यामागे आला. पायरीवर बसून ती एका दमात सगळं बोलली. तुम्ही सुटं ठेवा म्हणालात, मी ऐकलं नाही. तुमच्या हाताचं वाटोळं मी केलं.

"माहीत आहे मला. पाठ माझीच होती ना!"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मलाही ती चेन दिसायला नको होती. लोक हसले, तेव्हा आत मीच होतो की."

"त्याने माझी चूक काही कमी होत नाही, भावोजी."

"नाही होत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती ठिणग्यावाल्याच्या घरी गेली. तो आता टायरच्या दुकानात कामाला लागला होता. त्याने दारातच सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मी तेव्हापासून काडीसुद्धा पेटवत नाही. बायको पेटवते शेगडी. तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतं." आत या म्हणाला नाही. तिथून ती दिग्दर्शकाकडे गेली. "झालं गेलं कशाला उकरता?" तो म्हणाला. "उलट तो शॉट किती चालला बघा!" तिने पुन्हा आमचं काम घेतलं नाही. ठिणग्यावाल्याला कामावर बोलवा, एवढं सांगून आली. त्यांनी बोलावलं, पण तो काही आला नाही.

हे सगळं मला तिनेच सांगितलं, पडद्यांचं माप घ्यायला घरी आली होती तेव्हा. सांगताना टेप हातात तशीच लोंबकळत होती.

लांब्या वखारीत परतला. मालकाने त्याला दारावर बसवलं. त्याचे शर्ट वहिनीच शिवते. बटणं लावायला त्याला त्रास होतो, म्हणून तिने न विचारताच एका शर्टाला टिचबटणं लावून दिली. त्याने तो परत आणला. "साधी लावा वहिनी. वेळ लागतो, लागू दे." तिने साधी लावली. काजं मात्र जरा सैल ठेवली, आणि हे त्याला सांगितलं नाही.