कुणाच्या घरात?

वैद्यकीय समाजशास्त्राच्या पुस्तकातलं एक वाक्य आलं, की शैलजाताई हातातला खडू खाली ठेवायच्या. ‘आजारी व्यक्तीला तिच्या नेहमीच्या कामातून सूट मिळते.’ एवढं वाचून मुलींच्या बाकांकडे बघत विचारायच्या, ‘कुणाच्या घरात गं?’

दौंडच्या कॉलेजात मी शिकवायला नवी लागले तेव्हा त्यांचा तास ऐकायला मागे बसायचे. एकदा कासुर्डीची एक मुलगी पटकन म्हणाली, ‘मेल्यावर मिळती, मॅडम.’ वर्ग हसला. ताई हसल्या नाहीत. ‘पेपरात पुस्तकातलंच लिही हां,’ असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

स्टाफरूममध्ये मात्र त्यांचा पारा चढला. ‘पोरी आईला तापात भाकरी थापताना बघत्यात आन् पेपरात लिहित्यात, सूट मिळते. उद्या ह्याच दवाखान्यात समाजसेविका व्हतील, आन् बाई उशिरा आली म्हणून तिलाच झापतील!’

पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची ठरली आणि ते वाक्य असलेला धडा सुधारायला ताईंकडे आला. त्याच सुमारास त्यांच्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली. मरायच्या आधी ते वाक्य बदलायचं, हा एकच ध्यास त्यांनी घेतला. केमोनंतर मी केडगावला त्यांच्या घरी गेले, तर बाई पलंगावर मेथी निवडत बसलेल्या.

‘मला मिळाली की सूट,’ त्या म्हणाल्या. ‘उभ्यानं करत व्हते, ते आता बसून करते.’

हसावं की रडावं, मला कळेना. निघताना त्यांनी हात धरला. ‘वाक्य बदललं का गं?’ त्यांनी सुधारून पाठवलेल्या धड्याबद्दल संपादकांकडून काहीच कळलं नव्हतं.

पुस्तक हातात आलं तेव्हा ताई गेल्या होत्या. वाक्य जसंच्या तसं होतं. त्यांचा प्रश्न तेवढा धड्याच्या शेवटी, स्वाध्यायात ढकलला होता. मला इतका संताप आला, की पुस्तक टेबलावर आपटलं.

आता तो तास मी घेते. ते वाक्य वाचलं, की पाठीमागून, फळ्याजवळून त्यांचा आवाज येतो. दर वेळी मी वळून बघते. मुलींना वाटतं, मॅडम काहीतरी लिहिणार.

परवा एक मुलगी उभी राहिली. ‘मॅडम, स्वाध्यायातल्या ह्या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये न्हाई.’

‘मग घरी बघ,’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती दारातच थांबली. ‘बघितलं, मॅडम. आईला ताप हाय, तरी चुलीपुढंच बसली व्हती. तिला झोपवलं. आज मी तासाला बसत न्हाई, सैपाक माझ्याकडं हाय.’

ती गेली. मला भरून आलं. ताई, ते वाक्य एका घरात तरी खरं झालं, असं मनात म्हणत मी खडू उचलला.

मागून आवाज आला, ‘आन् हिला सूट कोण देणार गं?’