दाजींचा रिसेप्टर

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, "काय सर, काय चाललंय?" असं दुसऱ्यांदा विचारणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडला नसता. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच त्याचा तास गेलेला असे. दाजी केज तालुक्यात ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. पांढऱ्या पेशींवरच्या केमोकाइन रिसेप्टरवर त्यांचा एवढा जीव, की आक्का म्हणायची, "माझी सवत हाय ती."

युसूफ वडगावच्या बाजारात भाजीवाली मेथीची जुडी धरून ताटकळायची आणि दाजी तिला सांगत, की जखम झाली की तिथून केमोकाइन नावाची खूण सुटते, पेशीच्या पडद्यातला रिसेप्टर ती पकडतो, आणि गंमत म्हणजे खूण बाहेरच राहते, आत जातो तो नुसता निरोप! रिसेप्टरला आतून चिकटलेलं जी-प्रोटीन फुटून दोन होतं, कॅल्शियम उसळतं, पेशी चालू लागते. एकदा दिंद्रुडला स्कूटर बंद पडली. मेकॅनिकभाई प्लग पुसत सगळं ऐकून म्हणाले, "समझ गया सरजी. चाबी भायेर, इंजन अंदर." दाजींनी त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. "पण भाई, चालू होणं सोपं. बंद कोण करणार? रिसेप्टरच्या आतल्या शेपटीवर अरेस्टिन नावाचं दुसरं प्रोटीन येऊन बसलं, तरच निरोप थांबतो!" त्या मिठीत शर्टाला लागलेलं ग्रीस आक्काला घासून निघालं नाही.

आक्का लहानपणापासून आजारी. हातांवर चामखिळी, दर हिवाळ्यात न्यूमोनिया. आई म्हणायची, पोर नाजूक आहे. गेल्या साली ताप उतरेचना, तेव्हा तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्तात पांढऱ्या पेशी नावालाच होत्या आणि हाडांतल्या मज्जेत, जिथं त्या तयार होतात, तिथं मात्र त्यांची दाटी. मग जनुकांची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई समजावू लागल्या, "पेशीवर एक रिसेप्टर असतो..." आता बाईंचं काही खरं नाही, म्हणून मी दाजींकडे पाहिलं. दाजी पांढरेफटक पडले होते. आक्काच्या त्या रिसेप्टरची शेपटी जन्मतःच आखूड होती. अरेस्टिन नीट बसत नाही, म्हणून 'इथंच थांब' हा मज्जेतला निरोप वेळेवर थांबत नाही, आणि पेशी तिथंच अडकून राहतात. परदेशात औषध आहे, आपल्याकडे कधी मिळेल सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर दाजी म्हणाले, "वीस वर्षं ती शेपटी फळ्यावर काढतोय मी. घरात दिसली न्हाई."

"तुमी काय डॉक्टर हाव का?" आक्का म्हणाली. "बसा गप."

ते गप्प बसले ते बसलेच. कॉलेजातला तो धडा त्यांनी दुसऱ्या सरांना देऊन टाकला. बाजारात माणसं आता आपण होऊन थांबतात, आणि दाजी पिशवी सावरत निघून जातात. आम्ही ज्या बडबडीला कंटाळलो होतो, तिच्यावाचून ते घर ओकंबोकं झालंय.

परवा गेलो तर आक्काला पुन्हा ताप होता. दाजी उशाशी बसून मोसंबी सोलत होते. फोड हातातच धरून आक्का म्हणाली, "साऱ्या गावाला सांगितलंत. मला कधी सांगितलंच न्हाई, माझ्या आत काय हाय ते."

दाजींनी मोसंबी बाजूला ठेवली, धोतराच्या सोग्याला बोटं पुसली. तिचा तळवा हातात घेऊन त्यावर बोटानं रेघ ओढली. "हा पडदा धर," ते म्हणाले. आणखी एक रेघ ओढली, आणि बोट तिथंच अडकलं.

आक्कानं हात तसाच राहू दिला. म्हणाली, "फुडं?"