चाकापाशी काढून ठेवलेले बूट

फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवत होतो. "गजू ट्रकवरून पडला," पलीकडून कोणीतरी सांगितलं, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "बूट घातले होते का?" माणूस आहे की गेला, हे त्यानंतर विचारलं. गेला होता. त्या प्रश्नाची लाज आज दीड महिन्यानंतरही वाटते, आणि गजूचा रागही येतो.

गजू रिठदचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. वीस वर्षं ट्रक चालवला, गाडीला कधी ओरखडा नाही. रस्त्यावर एवढा जपणारा माणूस आणि मेला कसा, तर गाडी उभी असताना. मंगरूळपीरला सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, गाडीत भरून झाले, हा ताडपत्री बांधायला वर चढला, अगदी कडेला उभा राहून दोर आवळताना पाय सरकला आणि डोक्यावर खाली आला. भर दुपारी, चार माणसांसमोर. आणि अनवाणी.

धान्यावर पाय द्यायचा तर आधी पायातलं काढायचं, ही आमच्याकडची रीत. गजू चपला चाकापाशी काढायचा, कट्ट्याला हात लावून तो कपाळाला लावायचा, मगच चढायचा. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण वर गुळगुळीत ताडपत्री, त्यात घामानं ओले तळवे... एकदा घसरून कोपर फोडून घेतलं, तेव्हा मी जाड रबरी तळाचा जोड त्याच्या पुढ्यात ठेवला. शिडी लाव, कडेला उभा राहू नको, दोर खालून ओढ, सगळं सांगून झालं.

"लक्ष्मीवर बूट घालून चढू काय? तुले काही वाटते का नाही?"

"मंग पडशीन तवा लक्ष्मी तुले झेलाले खाली उभी राहणार हाय काय?" मी म्हणालो.

तो हसला. "तू कायले इतका तापून राह्यला? घालतो ना."

घातले. गाडी चालवताना घातले, चहाला जाताना घातले, माझ्या दुकानात तर मुद्दाम पाय आपटत आला. आणि मालावर चढताना, त्या दिवशीही, चाकापाशी नीट जोडीनं काढून ठेवले. आता या माणसाला काय म्हणावं? बूट असते तर वाचला असता का, मला माहीत नाही. पण निदान मी असा जळफळत बसलो नसतो.

परवा त्याची बायको, सुनंदावहिनी, ते बूट घेऊन दुकानात आल्या. "घरात दिसले का मले राग येते. तुमीच ठेवा, भाऊजी." एवढंच बोलल्या आणि गेल्या. विकायचा तर प्रश्नच नव्हता. वरच्या फळीवर ठेवू म्हटलं, हात पुरेना. कोपऱ्यात घरच्या तुरीचं पोतं होतं, ते ओढलं, त्यावर चढलो, बूट ठेवले आणि उतरायला खाली पाहिलं... पोत्याशी माझ्या चपला, जोडीनं काढून ठेवलेल्या. केव्हा काढल्या, मला आठवत नाही.