सुजेचे हवालदार

हवालदार माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी पाय बघत. एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही कुणाचा पाय जरा जाड दिसला की ते खाली वाकत, नडगीवर अंगठा दाबून धरत आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत. अंगठा उचलल्यावर खड्डा राहिला तर म्हणत, "पानी हाय." नाही राहिला तर म्हणत, "चरबी हाय, चालत जावा." एकदा आमच्या इस्पितळाच्या समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या पत्नीच्या पायावर त्यांनी असाच अंगठा ठेवला. बाई किंचाळल्या, पाहुणे लालबुंद झाले, हवालदारांना सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. पुढे महिन्याभराने त्याच बाई दम लागतो म्हणून तपासायला आल्या. तेव्हा मात्र हवालदारांची आठवण कुणाला झाली नाही.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण वापरायची वेळ कधी आली नाही. सैन्याच्या इस्पितळांत वीसेक वर्षं मलमपट्टी करून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले, तासगावकडच्या आपल्या गावी उसाला पाणी पाजून कंटाळले आणि सांगलीला आमच्या सरांकडे कामाला लागले. सर म्हणजे हृदयरोगाचे डॉक्टर. इस्पितळाचं नाव मी सांगणार नाही. मी वाईची, नुकती डॉक्टर झालेली, सरांची मदतनीस.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. बाळंतपणानंतर काही बायकांच्या हृदयाचा स्नायू कशाने कोण जाणे दुबळा पडतो. हृदय फुगतं, पायांवर पाणी उतरतं, आडवं झालं की श्वास कोंडतो. घरच्यांना वाटतं बाळंतरोग आहे, आणि ते खाटेखालची शेगडी आणखी फुलवतात. अशा बायकांचा सरांनी अभ्यास मांडला होता. एक वही सांगलीला होती. दर गुरुवारी सर साताऱ्याला रुग्ण बघायला जात, म्हणून दुसरी वही तिथे. मी तक्ते करायची आणि बऱ्या होऊन घरी गेलेल्या बायकांना गावोगाव गाठून हवालदार तपासून यायचे.

त्यांचं गावोगाव जाणं बघण्यासारखं असे. एसटीच्या टपावर सायकल, सायकलच्या कॅरियरला पोत्यात बांधलेला वजनकाटा. तालुक्याला उतरायचं आणि पुढे पायडल मारत जायचं. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, आणि सूज दिसायच्या आधी ते काट्यावर कळतं, हे त्यांना सरांनी एकदाच सांगितलं होतं. घरात शिरले की आधी वजन, मग अंगठा, मग चहा. घरच्यांनी चहा आधी पुढे केला तर कप बाजूला सरकवून म्हणत, "ड्यूटी फस्ट." मग बाईच्या ताटातल्या कालवणाचा एक घास खाऊन बघत, कारण या आजारात मीठ वाईट. त्यांच्या सायकलची घंटी ऐकली की घराघरात लोणच्याच्या बरण्या उतरंडीमागे जात. ते बरणी हुडकून काढत आणि सासूला ऐकवत, "म्हातारे, हे तू खा. तुझं काळीज दगडाचं हाय, तुला काय हुतंय!"

त्यांचा एक नियम होता आणि तो ते मला उठता-बसता ऐकवत. "डॉक्टरीणबाई, रिपोट डोळ्यानं बघून द्यायचा. ऐकून दिलेला रिपोट मानूस मारतो." बाई शेतात गेली असेल तर ते बांधावर जाऊन बसत. जत्रेला गेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत येत. मला हे सगळं जरा जास्तच वाटे. मला माझे तक्ते वेळेवर भरायचे असत, आणि हवालदारांमुळे माझे रकाने आठ-आठ दिवस रिकामे राहत. मी चिडले की म्हणत, "ऱ्हाऊ द्या की रिकामं. रिकाम्या खान्यानं कुनी मरत न्हाई."

मी कामाला लागले त्याच महिन्यात शालन वॉर्डात आली. पलूसकडच्या एका गावची, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. महिन्याची मुलगी मांडीवर आणि पाय खांबासारखे. लघवी होण्याचं औषध सुरू झालं तसं तिच्या अंगातलं पाणी उतरायला लागलं. रोज सकाळी हवालदार तिला काट्यावर उभी करत आणि ती हसून विचारी, "आज किती उरले मी?" हवालदारही हसत. मी त्यांना दुसऱ्या कुठल्या रुग्णापाशी असं हसताना पाहिलं नाही. घरी जाताना त्यांनी तिला स्वतःच्या हाताने लिहिलेलं कार्ड दिलं, आजार, औषधं, वजनं, सगळं टिपलेलं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलीस तरी हे आधी दाखव, असं बजावलं.

सहा महिने ती माहेरीच राहिली. सहाव्या महिन्यातल्या एक्स-रेमध्ये तिचं हृदय मूळ मापाला आलं होतं. सरांचा सगळा सिद्धांतच हा होता, की सहा महिन्यांत हृदय आवळलं तर बाई कायमची बरी, पुढच्या बाळंतपणालाही हरकत नाही. हा निरोप घेऊन हवालदार शालनच्या वडिलांकडे गेले. वडील खूश झाले आणि हात जोडून म्हणाले, "आता एक करा, हवालदार. पोरगी नांदाया चाललीया. तिच्या सासरी जाऊ नगा. आमी आजाराचं काय कळू दिलेलं न्हाई. कळलं तर परत धाडतील तिला." हवालदारांच्याही तीन मुली सासरी होत्या. ते कबूल झाले. त्यानंतर दोन-अडीच वर्षं ते शालनच्या माहेरी जात आणि वहीत लिहीत, "वडील सांगतात, बरी आहे." मी तक्त्यात त्यातलं "वडील सांगतात" गाळून नुसतं "बरी" लिहीत असे.

मग साताऱ्याच्या वहीत एक नवी नोंद झाली. सुनंदा, कोरेगावकडचं गाव, दुसरं बाळंतपण, मुलगा. शुक्रवारी आणली आणि सोमवारी गेली. एक्स-रे काढण्याइतकीही सवड मिळाली नाही. सर पुढच्या गुरुवारी पोहोचले तेव्हा त्यांच्या हाती फक्त कागद आले. पहिल्या खेपेला काही त्रास होता का, असं तिथल्या डॉक्टरने विचारलं होतं. सासूने सांगितलं होतं, पहिलं अगदी नीट झालं. मी तक्त्यात लिहिलं, "पूर्वी आजार नाही. मृत्यू."

मृत्यूनंतरचा अर्ज भरायला हवालदार त्या घरी गेले. परतले ते थेट माझ्या खोलीत आले, टोपी काढली नाही, बसले नाहीत. खिशातून एक कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. अक्षर त्यांचंच होतं.

"तिच्या ट्रंकंत लुगड्याच्या घडीत हुतं," ते म्हणाले. "सासूला वाचता येत न्हाई. तिनं मलाच इचारलं, ह्ये काय हाय म्हनून. डॉक्टरीणबाई, सांगलीची सतरा नंबर आन् साताऱ्याची नऊ नंबर, बाई एकच हाय. आपली शालन."

लग्नात मुलीचं नाव बदलतात हे आम्हाला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या आईची दोन नावं होती, सरांच्या पत्नीची दोन होती. तरी आमच्या छापील अर्जात माहेरच्या नावाला रकाना नव्हता. दोन वह्या, दोन जिल्हे, माहेरची शालन आणि सासरची सुनंदा. एक बरी झालेली, एक मेलेली. आम्ही शिकलेली माणसं तिला दोनदा मोजून बसलो होतो.

"म्या ऐकून लिवलं," हवालदार म्हणाले. "दोन वर्सं माझा अंगठा तिच्या पायावर न्हवता. आन् हरकत न्हाई म्हनून सांगाया बी मीच गेलतो." 

आम्ही सरांकडे गेलो. पुण्याची परिषद तीन आठवड्यांवर आली होती आणि सरांचा निबंध तयार होता. सर दुष्ट नव्हते. गरीब बायकांना ते स्वतःच्या घरून दूध पाठवत. पण त्या दिवशी त्यांनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "कार्ड काय, कुणाच्याही ट्रंकेत सापडेल. बहिणीचं असेल."

"सर, बाचं नाव तेच, गाव तेच, पयली पोरगी बी तवडीच. कसली बहीन?"

"हवालदार, दोन वेळच्या एक्स-रेच्या फिल्म शेजारी ठेवून दाखवा, मी दोन रुग्णांचा एक करतो. त्याशिवाय नाही. शास्त्र असं चालतं." दुसरी फिल्म काढलेलीच नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. मग ते माझ्याकडे वळले. "डॉक्टर, तुमचं मत?"

निबंधावर सरांच्या नावाखाली माझं नाव होतं. मला पुढे शिकायला जायचं होतं आणि शिफारसपत्र सरांनी द्यायचं होतं. मी म्हणाले, "पुरावा तसा पुरेसा नाही, सर."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलावरचं कार्ड उचललं, रजेचा अर्ज लिहिला आणि गेले. त्या पंधरा दिवसांत त्यांनी काय केलं ते आम्हाला मागाहून कळलं. "हरकत नाही" असा निरोप त्यांनी आजवर ज्या ज्या बाईसाठी पोहोचवला होता, ती आता नांदत असेल त्या घरी ते गेले आणि तो निरोप मागे घेतला. दिवस आणीबाणीचे होते. खाकी कपड्यातला माणूस दारात उभा राहून आणखी मूल नको म्हणतोय म्हटल्यावर लोकांना वाटलं, नसबंदीवाला आला. एका गावात बापये मागच्या दाराने उसात पळाले. एका घरी सासूने त्यांच्या अंगावर खरकटं पाणी फेकलं. वजनकाटा तसाच पोत्यात बांधलेला राहिला, कुणी पायच ठेवू देईना.

खंडाळ्याकडच्या एका घरी मात्र त्यांना ओसरीवर बसवून सगळं नीट ऐकून घेतलं. शालनच्या सासरासारखंच त्या घरालाही सुनेच्या आजाराचा पत्ता नव्हता. आठ दिवसांत ती सून तिच्या ट्रंकेसकट माहेरी पोचती झाली. तिचा बाप इस्पितळात आला आणि व्हरांड्यात ओरडायला लागला, "माझ्या लेकीचा संसार मोडला तुमच्या मानसानं! तुमचं त्वांड बंद ऱ्हायलं असतं तर काय बिगडलं असतं?" हवालदार समोर उभे होते.  सरांनी त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. रुग्णाची गुप्तता मोडली, असं पत्रात कारण होतं, आणि कागदावर ते खरंही होतं. पत्राचा मसुदा माझा होता.

पुण्याला सरांच्या निबंधाला टाळ्या पडल्या. मी पडद्यावर तक्ते दाखवत होते. मागच्या रांगेतल्या कुणी तरी विचारलं, हृदय पूर्ववत झालेल्यांपैकी कुणाला पुढच्या बाळंतपणात त्रास झाला का? सर म्हणाले, "एकीलाही नाही." मी पुढचा तक्ता सरकवला.

मला शिफारस मिळाली, पदवी मिळाली, नोकरी मिळाली. हवालदारांना भेटायला जायला मला बरीच वर्षं लागली. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत मी टाळत होते, दुसरं काही नाही. शेवटी गेले तेव्हा ते गोठ्याच्या सावलीला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मला ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि शेंगा फोडत राहिले. काय बोलावं सुचेना, म्हणून मी खंडाळ्याच्या त्या मुलीचं विचारलं.

"माहेरीच हाय. दाल्ल्यानं दुसरी केली. तिचा बा अजून माझ्यासंगं बोलत न्हाई." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "जाऊन येतो मी वर्सातनं एकदा. ती बी लय बोलत न्हाई. पर जिती हाय."

मग माझ्याने राहवलं नाही. मी म्हणाले, "हवालदार, त्या दिवशी सरांसमोर मी खोटं बोलले. मला माहीत होतं, ती शालनच होती."

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या, तुमी तवा ल्हान हुता. इतक्या वर्षांनी आलेल्या पाहुणीला माणूस असंच काहीतरी म्हणतो, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी गेले होते.

"व्हय," ते म्हणाले. "खोटं बोलला तुमी." मग त्यांनी विचारलं, "त्या छापलेल्या कागदात अजून बी एका बाईच्या दोन बायका हायत्या का?"

"हो."

"मंग मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय. जितं चुकीचं छापलंय, तितं सांगा की."

सुनेने चहा आणला. मी तो घेतला आणि निघाले. तरीही मी कुठे सांगितलं नाही. सर हयात होते, माझी बढती जवळ आली होती, कारणं काय, मिळतातच. आता सर नाहीत, हवालदारही गेले, आणि तो निबंध माझ्या छापून आलेल्या निबंधांच्या यादीत अजून पहिल्या क्रमांकावर आहे. ज्या मासिकात तो छापला ते केव्हाच बंद पडलं, म्हणून इथे लिहिते. सांगलीची सतरा नंबर आणि साताऱ्याची नऊ नंबर ही एकच बाई होती. तिचं हृदय पूर्ववत झालं होतं, आणि हरकत नाही असं आम्हीच तिला कळवलं होतं.