नळाचं पाणी तुम्हाला चालतं

'कार्बन डायऑक्साईड हा उदासीन ऑक्साईड आहे,' असं मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जर्नलमध्ये शाईनं लिहिलं होतं. खाली रेघसुद्धा मारली होती. आता नातवंडं पोट धरून हसतात. त्यांच्या शाळेच्या पुस्तकात तो आम्लधर्मी आहे. माझ्याही पुस्तकात होता. हसा बापड्यांनो. पण मी डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं होतं. खरा गाढवपणा दुसराच.

कॉलेज औरंगपुऱ्यातलं. मी पाचोडकडची, मेंढ्यांमागं वाढलेली. चिकलठाण्यात कंपन्या उभ्या राहत होत्या. भाऊ तिथं कामाला, त्याच्या खोलीवर राहून मी शिकत होते. डोळ्यांपुढं एकच चित्र: कंपनीची लॅब अन् माझ्या अंगात पांढरा कोट. प्रॅक्टिकलला माझी जोडीदार शकू. दलित वस्तीतली, जिभेची तिखट. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा क्रांती चौकात निघाला की ही पुढं. मला विचारायची, "येती का?" मी म्हणायची, "नको बाई. मी ना इकडची, ना तिकडची." केवढं शहाणपण! ओवाळून टाकावं असं.

आमचे सर कडक इस्त्रीचे. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन त्यांच्या टेबलाखाली. कुणी हात लावायचा नाही. सर स्वतः टेबलाटेबलाला फिरून ओतायचे. आमच्यापाशी आले की कॅन सरळ व्हायचा.

"तुम्ही नळाचं घ्या. तुम्हाला चालतं."

'तुम्हाला' म्हणजे शकूला, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. कारण सरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलेलं, "तू मेंढ्यावाल्यांची ना? सालस आहेस. तिच्या नादी लागू नकोस. कंपन्यांत माझा शब्द चालतो." दुसऱ्या दिवशी मी गजरा माळून गेले. शेपूट नव्हतं म्हणून, नायतर तेही हलवलं असतं.

मग ऑक्साईडचं प्रॅक्टिकल आलं. मॅग्नेशियमची फीत जाळली, राख पाण्यात टाकली, लाल लिटमस निळा. कळीच्या चुन्याचंही तेच. हे आम्लारिधर्मी. गंधक जाळला, धुरात ओला निळा लिटमस लाल झाला. हा आम्लधर्मी. झिंक ऑक्साईड आम्लातही विरघळला, अल्कलीतही. उभयधर्मी. उदासीन मात्र सरांनी तोंडीच सांगितला: "कार्बन मोनॉक्साईड. रंग नाही, वास नाही, लिटमसवर परिणाम नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं घर सकाळी उठत नाही."

शेवटी कार्बन डायऑक्साईड. नळीनं पाण्यात फुंकायचं, निळा लिटमस लाल होतो. सगळ्यांचा झाला. आमचा होईना. चूल फुंकत वाढलेली मी, गाल दुखेस्तोवर फुंकलं. निळा तो निळाच. मग काय, लिहिलं: उदासीन.

सरांनी माझं जर्नल उचललं, मोठ्यानं वाचलं. वर्ग खिदळला.

"सरकार जागा देईल, डोकं कुठून देणार? एक गावकुसाबाहेरची, एक मेंढ्यांमागची. ही लॅब आहे, मेंढवाडा नव्हे."

एकाच वाक्यात दोघी! माझा गजरा कुठं गेला?

शकू उठली. "सर, आमचं पाणी नळाचं. बोअरचं, जड. ह्या पाण्यात डाळ शिजंना, लिटमस काय लाल व्हणार?"

"कोण म्हणतं नळाचं होतं?"

शकूनं माझ्याकडं पाहिलं. पाणी मीच भरून आणलं होतं. मी टेबलाकडं पाहिलं.

सर मला म्हणाले, "तू ते खोड अन् नीट लिही. तुझ्या जर्नलवर सही करतो. हिच्या नाही."

सही नाही तर परीक्षा नाही. मी ब्लेड घेतलं, शाई खरवडायला. व्हय, घेतलं. दोन अक्षरं खरवडलीसुद्धा. तिसऱ्याला हात थांबला. आमच्या बीकरला आतून पांढरं कडं धरलं होतं, सहा महिन्यांच्या नळाच्या पाण्याचं. त्यातलं निम्मं माझं होतं.

ब्लेड ठेवलं. सरांच्या टेबलाखालचा कॅन ओढला, नव्या बीकरात ओतलं, फुंकलं. लिटमस लाल झाला. जर्नलमध्ये लिहिलं: 'वरचं निरीक्षण नळाच्या पाण्यातलं आहे. सर आम्हा दोघींना कॅनमधलं देत नाहीत.'

"कंपनी विसर," सर म्हणाले.

"विसरले," मी म्हणाले.

सही दोघींनाही मिळाली नाही. वर्ष गेलं. पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच टेबलावर उभ्या राहिलो, अन् पहिल्याच दिवशी कॅन मी मागितला, सगळ्यांदेखत. तेव्हापासून कुठंही वेगळं पाणी ओतताना दिसलं, तर ते मी बोलणारच. चांगुलपणा नव्हे हा. लिटमस लाल झाला त्या दिवशी जिन्यात मी मान वर करून उभी होते, शकू पाठ थोपटेल म्हणून. ती जे म्हणाली, ते मला अजून गप्प बसू देत नाही. जसंच्या तसं लिहिते:

"लई फुगू नको. सहा महिने तू माझ्या शेजारी मोनॉक्साईड व्हतीस. सराचा वास तरी येतो गं. तुझा तर वासबी येत नव्हता."