खांद्यावरून घसरणारी कफनी

शिंपीमास्तरांना साऱ्या दुनियेत एकाच माणसाचा मत्सर वाटायचा, आणि तो माणूस सायकलींचे पंक्चर काढायचा.

दोघेही पीरबाबांचे शागीर्द. दर गुरुवारी बाबांच्या खोलीत कव्वाली व्हायची, नाना धर्मांची माणसं दाटीवाटीनं बसायची. मास्तर सगळ्यांच्या आधी येऊन पुढची जागा धरायचे. पंक्चरवाला अर्ध्यातून उगवायचा, काळ्या हातांनी बेताल टाळ्या वाजवायचा आणि देवाला साजण म्हणून हाक मारणारी ओळ आली की ढसाढसा रडायचा. मास्तरांनीही रडून बघितलं. डोळे चोळून लाल केले, पण थेंब म्हणून येईना. या गबाळ्याला ते फुकटात मिळावं, याचाच त्यांना जळफळाट.

त्यांची सगळी भिस्त होती कफनीवर. बाबांना ती त्यांच्या गुरूंनी दिली होती, आणि आपल्यामागे जो गादी चालवेल त्याला बाबा ती देणार होते. ठिगळावर ठिगळ चढलेली ती कफनी वर्षानुवर्षं मास्तरच दुरुस्त करायचे. त्यात त्यांनी एक चलाखी केली होती. दर खेपेला खांदा बोटभर वाढव, बाही जराशी सोड, असं करत करत कफनी आपल्या आडदांड अंगाच्या मापावर आणून ठेवली होती. बाबांच्या खांद्यावरून ती सारखी घसरायची.

"वय झालं, बाबा. तुम्ही आटलात," मास्तर म्हणायचे.

"असेल," म्हणून बाबा बाही दुमडून घ्यायचे.

बायको सगळं ओळखून होती. "तुम्ही तिकडं देवासाठी जाता की झग्यासाठी?" असं तिनं विचारलं की मास्तर मशीन जोरात चालवायचे.

मग एका गुरुवारी बाबांनी सगळ्यांसमोर कफनी उतरवली. मास्तर अर्धे उठलेसुद्धा. बाबा त्यांना ओलांडून मागे गेले आणि कफनी पंक्चरवाल्याच्या अंगावर चढवली. बुटका तो, तिच्यात पार बुडाला. लोक हसले, तोही रडता रडता हसला. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चरवाल्याची स्वारी कफनी घेऊन मास्तरांच्या दुकानात हजर. सोबत काठी टेकत बाबा.

"मास्तर, हिच्यात पाय अडकतात हो माझे. जरा मापाची करून द्या ना."

"दुसरा शिंपी बघ!" मास्तर खेकसले. मग बाबांकडे वळले. "माझं काय चुकलं, बाबा? इतकी वर्षं कुणी शिवली ती?"

बाबा स्टुलावर टेकले. "तूच शिवलीस. आणि इतकी वर्षं मी तुझ्या मापात राहिलो. कधी बोललो?"

मास्तरांची मान खाली गेली.

"आता एकदा दुसऱ्याच्या मापाची कर. माझ्यासमोर."

पंक्चरवाल्यानं कफनी अंगावर चढवून हात पसरले. मास्तरांनी कात्री घेतली. मत्सर तसूभरही कमी झाला नव्हता. आपलेच टाके ते एकेक करून उसवू लागले. खांद्यापाशी आले आणि टाके दिसेनात. चष्मा पुसला, तरी दिसेनात.

"मास्तर, रडताय?" पंक्चरवाल्यानं हळूच विचारलं.

"गप्प उभा राहा," मास्तर म्हणाले. "माप चुकेल."